हळदीचं गोडाऊन बांधून घेतलं, ठेकेदाराला पाचपैकी साडेतीन

आधीच सांगतो, ठेकेदाराचं नाव इथं टाकणार नाही. कारण थोड्या शिव्या पण घालणार आहे आणि माणूस अजून माझा फोन उचलतोय, ते बंद व्हायला नको.

आमचा धंदा हळदीचा, सांगलीत. आजोबांच्या काळात माल हरिपूरच्या पेवात असायचा, जमिनीखाली, तोंड लिंपून टाकलं की कीड नाही की काळजी नाही. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांची वाट लागली. मग गणपती पेठेत भाड्याचं गोडाऊन घेतलं, तर २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे बघा) आणि थप्पीचे खालचे थर भिजून गेले. भिजलेल्या हळदीचा वास एकदा घेतला की विसरत नाही. अण्णा म्हणाले आता बास, उंचावर जायचं. कुपवाडच्या बाजूला २० गुंठे घेतलेले होतेच, तिथं ६० बाय १२० चं लोखंडी शेड, पुढं छोटं ऑफिस असं ठरलं.

तिघांना बोलावलं. दोघांनी चहा संपायच्या आत फुटाचा रेट सांगितला. हा तिसरा रेटबिट काही बोललाच नाही, म्हणाला जुन्या गोडाऊनला एक दिवस येऊन बसतो. आला, बसला, टेप घेऊन थप्पी मोजली, हमालांशी बोलत बसला आणि मग मला विचारतो, "शेठ, ट्रकचा हौदा जमिनीपासून किती उंच असतो?" पंधरा वर्षं गल्ल्यावर बसतोय, मला सांगता येईना. आमच्या जुन्या हमालाला विचारलं तर त्यानं नुसता छातीपाशी हात धरला, "एवढा." मोजलं तर चार फुटाच्या आसपास. जोतं तेवढंच उचललं आणि आता ट्रक मागं घेऊन धक्क्याला लावला की हातगाडी सरळ आत जाते, पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चढायचं बंद झालं. पण छोटा हत्ती (छोटा टेम्पो) आला तर त्याचा हौदा खाली राहतो, म्हणून एका दाराला उतार दिलाय, ते पण त्यालाच सुचलं. खरं सांगू, साडेतीनमधले दोन स्टार ह्याच एका दिवसाचे.

जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात फुगते, अशा मातीवर फरशी टाकली की दोन वर्षांत वर येते. त्यानं आधी माती परीक्षण करायला लावलं, मला वाटलं उगाच खर्च. खड्डे मारले तर एका कोपऱ्यात पाच फुटावर मुरूम लागला आणि दुसऱ्या कोपऱ्यात नऊ फूट गेलं तरी काळीच. म्हणजे पाया सगळीकडं सारखा धरून जो रेट बाकीच्यांनी दिला होता तो नंतर वाढणारच होता. जोत्यात मुरूम भरताना पण थराथरानं, पाणी मारून, रोलर फिरवून. अण्णा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे तिथं, नातवाच्या बारशाला पण एवढा वेळ बसले नव्हते.

फरशीच्या काँक्रीटखाली जाड प्लॅस्टिक कागद अंथरलाय, खालची ओल वर येऊ नये म्हणून. वर ट्रिमिक्स, म्हणजे ओतल्यावर पंपानं जादा पाणी ओढून घेतात आणि मशीन फिरवून घोटतात. हळदीला पाण्यापेक्षा ओलीची भीती जास्त, पाणी दिसतं तरी.

आता शिव्या.

खांब ज्या बोल्टवर बसतात ते काँक्रीटमध्ये आधीच पक्के करायचे असतात, पत्र्याचा साचा लावून. ह्यांच्या पोरानं एका खांबाचा साचा ओतताना हललेला बघितला नाही, बोटभर फरक पडला. तो फरक कधी कळला? ट्रेलर माल घेऊन दारात आणि क्रेन तासाच्या भाड्यावर उभी तेव्हा. खांब वर लटकतोय, खाली चौघं बोल्टकडं बघतायत आणि मी घड्याळाकडं. मग इंजिनिअरला बोलावून प्लेटची भोकं मोठी केली, वर जाड वॉशर प्लेट वेल्ड केली, दीड दिवस गेला. क्रेनचं भाडं माझ्या बिलात लावलं होतं, भांडून काढायला लावलं.

दुसरं, कोटेशनच्या शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा". १८ टक्के म्हणजे गंमत नाही हो. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायला काय होतं? आणि परवानगीचं, जोता तपासणीचं वगैरे काम त्यांच्या आर्किटेक्टनं नीट केलं पण "कागदपत्र खर्च" म्हणून जो आकडा आला त्याची पावती मागितली की विषय पावसावर जायचा.

पावसाचं पण ऐकाच. मे महिन्यात पहिला वळीव आला, रात्री अकराला मी बॅटरी घेऊन गोडाऊनात. पत्रा ठणठणीत, एक थेंब नाही. पण मागच्या कोपऱ्यात पन्हाळीच्या जोडातून धार. नशीब तिथं थप्पी नव्हती. तीन वेळा येऊन सिलिकॉन मारून गेलेत, तीनदा गळालंय. माझं म्हणणं पन्हाळीला उतारच कमी आहे, त्यांचं म्हणणं पाला अडकतो. आसपास झाड नाही एक, पाला कुठून येणार?

तरी बाजूला दुसरं शेड बांधायचं झालं तर ह्यालाच देणार. फक्त पाच टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवणार, ह्यावेळी शेवटचा हप्ता देऊन बसलो ती चूक माझीच.

कुणाला बघायचं असेल तर या, सौदे असतात त्या वेळी सोडून. आणि शक्यतो पाऊस चालू असताना या, तो मागचा कोपरा पण दाखवतो.