यू-टर्न: क्लच दाबून की हाफ क्लचवर?

लर्निंग निघालं, 30 दिवस भरत आले, आता आरटीओची टेस्ट. परभणीत विचारा नाहीतर लातूरला, पोरं अडकतात ती आठ काढताना आणि यू-टर्न घेताना. मोटारसायकल हळू वळवायच्या दोन रीती आमच्याकडं शिकवतात. मी दोन्ही करून बघितल्या.

पहिलीत थोडा वेग घ्यायचा, क्लच पूर्ण दाबायचा आणि गाडी घरंगळत वळवायची. काकांनी मला हीच शिकवली आणि एका संध्याकाळी जमलीही. गाडी बंद पडत नाही, गचका बसत नाही. रस्ता रुंद असेल किंवा थोडा उतार असेल तर या रीतीत वाईट काही नाही.

दुसरी हाफ क्लचची. पहिला गिअर, रेस एकसारखी, क्लच जिथं चाकाला ओढायला लागतो तिथंच धरायचा आणि मागचा ब्रेक हलका दाबलेला ठेवायचा. वेग सांभाळायचा तो क्लच आणि ब्रेकनंच. हिला वेळ लागतो. मला दोन आठवडे लागले, आणि सुरुवातीला डावा पंजा इतका भरून यायचा की संध्याकाळी भाकरी मोडताना कळायचं. मे महिन्यात इंजिनही लवकर तापतं, गाडी मधूनमधून लिंबाखाली लावावी लागते. क्लचप्लेटा जळतील ही भीती मात्र फार धरू नका. आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्येच फिरतो, एवढं घसरणं तो सोसतो.

माझा निर्णय झाला तो उजव्या पायामुळं. आपण डाव्या बाजूनं चालवतो, म्हणजे यू-टर्न उजवीकडं. घरंगळत वळताना निम्म्यातच वेग संपतो, गाडी उजवीकडं कलते आणि चाकाला ओढ नसल्यानं तिला सावरायला काहीच उरत नाही. उजवा पाय रिकामा असतो, तो आपोआप खाली जातो. टेस्टमध्ये माझं नेमकं हेच झालं. वळण जवळजवळ पूर्ण झालं होतं, तेवढ्यात बूट खडीवर घासला. तो आवाज अजून कानात आहे. पाय टेकला म्हणून नापास, मग पुन्हा टेस्ट द्यायला 7 दिवस थांबणं आलं.

हाफ क्लचमध्ये तोच पाय ब्रेकवर गुंतलेला असतो. गाडी कलायला लागली की क्लच दोराभर सोडायचा, चाक ओढतं, गाडी सरळ होते. आणखी एक, हँडल उजवीकडं पूर्ण वळलं की रेसची मूठ पोटाकडं येते, मनगट मुडपतं आणि रेस नकळत हलते. तेव्हाही डावा हात सांभाळून घेतो. पुढच्या ब्रेकवरून बोटं मात्र काढूनच ठेवा. वळलेल्या हँडलवर तो दाबला की गाडी आडवी होते.

मी सराव केला तो हंगाम संपलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात. दाबलेला मुरूम, दोन्हीकडं विटा मांडलेल्या. दोन पदरी रस्ता साधारण 7 मीटरचा असतो, म्हणून आधी तेवढं अंतर, मग रोज वीट एक पाऊल आत. नजर पुढच्या चाकावर न ठेवता मान वळवून बाहेर पडायच्या विटेवर ठेवली, त्या दिवसापासून वळण बसायला लागलं.

माझ्या हाताला बसलं ते तुमच्या हाताला बसेलच असं नाही. टेस्टला चारच दिवस उरले असतील तर पहिलीच रीत पक्की करा. अर्धवट शिकलेल्या हाफ क्लचवर गाडी वळणातच बंद पडते. पण दोन आठवडे हाताशी असतील तर मी दुसरीच सांगेन. आणि सरावाचीच गाडी टेस्टला न्या. क्लच कुठं धरतो ते प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, आणि मधे मेकॅनिककडून केबल ओढून घेतली तर त्याच गाडीचंही बदलतं.