उंटावरचा बँड: गंगापूर रोडला झकास, मेन रोडला नको

नाशिकमध्ये वरातीला आणि शोभायात्रेला उंटस्वार बँड पुरवणारी एक सेवा आहे. बारा उंट, बारा वादक, केशरी फेटे, झुली. नमुना कोणाचा ते सांगायला नको. सीमा सुरक्षा दलाची उंट तुकडी १९७६ पासून प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात चालते आणि उंटावरचा बँड १९९० पासून. नाशिकच्या या मंडळींनी पत्रकावर ‘जगातील एकमेव’ असंही छापलंय. ते मनावर घेऊ नका. ओमानमध्ये उंटावरून बॅगपाइप वाजवणारं पथक आहे.

आधी चांगलं. उंट निरोगी आहेत, अंगाला खरूज नाही, पलाणाची गादी जाड आहे आणि वशिंडाच्या शेंड्याला घासत नाही. उठा-बसायची शिस्तही पक्की. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो. मग पुढचे उठले की तितकाच मागे. इथले वादक तेवढा वेळ वाद्य पट्ट्यावर सोडून एका हाताने पलाण धरतात. बास ड्रम तर उंट उभा राहिल्यावर शिडीवरून वर देतात. बरोबर पद्धत हीच.

गडबड वाजवण्यात आहे. उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम टाकतो, म्हणून स्वार सतत डुलतो. ट्रम्पेटवाल्याने माउथपीस ओठावर दाबून धरला की प्रत्येक पावलाला आतून दात लागतो, थोड्या वेळात ओठ सुजतो आणि वरचे सूर पहिले जातात. क्लॅरिनेटचा माउथपीस वरच्या दातांनाच टेकतो, तिथे ठोका थेट बसतो. उपाय असा, की वाद्य हलकं धरायचं, हिसका कोपरात आणि कमरेत जिरवायचा, चाली खालच्या पट्टीत बसवायच्या. या बँडने जमिनीवरच्या चाली जशाच्या तशा वर नेल्यात. उंट उभे असताना ऐकलं तर बँड उत्तम, चालायला लागले की निम्म्यावर.

त्यातून गल्ली आली की संपलंच. मोकळ्या रस्त्यावर तीन-तीनच्या चार रांगा करता येतात, ड्रम मधे राहतात, सगळ्यांना ठेका ऐकू येतो. मेन रोड किंवा सराफ बाजारात एकामागे एक लावावे लागतात. उंट आणि पुढचं अंतर मिळून प्रत्येकी साडेचार मीटर धरा, बारा उंटांत पहिल्या-शेवटच्यात सुमारे ५० मीटर पडतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ड्रम पुढे असेल तर शेवटच्याला ठेका सुमारे ०.१५ सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या कवायती चालीत मात्राच अर्ध्या सेकंदाची, त्यात हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला! कितीही तालीम करा, पुढचे आणि मागचे वेगळंच वाजवताहेत असं ऐकू येणार. शिवाय स्वाराचं डोकं साडेनऊ-दहा फुटांवर आणि जुन्या नाशकातल्या केबलच्या तारा कुठे लोंबतात ते तुम्ही जाणताच.

पाऊस असेल तर बेत रद्दच करा. उंटाचा तळवा गादीसारखा मऊ, वाळूसाठी झालेला. ओल्या फरशीवर, चिखलात किंवा सांडलेल्या तेलावर पाय बाजूला फाकतात आणि मांडीचे स्नायू फाटतात. विसर्जन मिरवणुकीला किंवा रामकुंडाच्या बाजूला म्हणूनच नको. नाशिक ढोलालाही शेजार देऊ नका. उंटाला आवाजाची सवय दुरून, चारा खाताना, रोज थोडं जवळ येत करावी लागते. एकदम कानाशी ढोल-ताशा किंवा फटाक्यांची माळ आली तर तो वेसण ओढून वळतो.

आता दोन तक्रारी, दोन्ही गंभीर. रांगेत चालताना मागच्या उंटाची नाकातली दोरी पुढच्याच्या पलाणाला जाड नायलॉनने बांधतात. एखादा बिचकून थांबला तर नाकपुडी फाटेल. मधे बारीक सुतळीचा तुकडा हवा, झटका बसला की तो तुटतो आणि नाक वाचतं. दुसरं, दोन उंटांमागे एकच उंटवाला. वादकाचे दोन्ही हात वाद्यावर असतात, तेव्हा प्रत्येक उंटाशेजारी खाली माणूस हवाच.

लग्नसराईवाल्यांनी आणखी एक पाहावं. थंडीत नर उंट माजावर येतो. तोंडाला फेस, गालाच्या कडेने बाहेर येणारी गुलाबी पिशवी, गुडगुड आवाज, मानेमागे काळपट ओल दिसली की तो उंट वरातीत नको. चावतो, आणि चावा हलका नसतो. माद्या किंवा खच्ची केलेले उंट मागा.

कागद मात्र बुकिंगआधीच बघा. प्राण्यांच्या प्रदर्शनासाठी प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, मिरवणुकीला पोलिसांची परवानगी. उंट राजस्थानातून आणलेले असतील तर तिथल्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे राज्याबाहेर नेण्याचा परवानाही. २०२३ च्या मे महिन्यात शंभरावर उंट नाशकात अडकून पांजरापोळात ठेवावे लागले होते, तेव्हापासून इथे उंट दिसले की लोक विचारतातच.

गंगापूर रोडवरचं लॉन, शाळेचं मैदान, कोरडा दिवस, उंट उभे करून अर्धा तास वादन: एवढ्यासाठी जरूर बोलवा. आगाऊ रक्कम देताना पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: उंटागणिक एक माणूस, सुतळीची जोड, आणि पाऊस आला तर पैसे परत.