२० वॅटची ग्लू गन: पोळ्यापासून नवतप्यापर्यंत

दुपारी तीनच्या सुमारास दाराशी टप टप आवाज यायला लागला. जाऊन पाहिलं तर तोरणाचे आरसे एकेक करून उंबऱ्यावर पडत होते. आईंच्या (सासूबाईंच्या) विरलेल्या साडीचे काठ, जुन्या ओढणीच्या कवड्या आणि इतवारी बाजारातून आणलेले आरसे ग्लू गनने चिकटवून पाडव्यासाठी हे तोरण केलं होतं. चार संध्याकाळी बसले होते त्यापायी. मे महिना, नागपूर, आणि आमचं दार पश्चिमेला. त्या दिवशी ठरवलं की या ग्लू गनबद्दल लिहायचंच.

गन घेतली ती गेल्या पोळ्याला. साधी, २० वॅटची, गोंदाची ७ मिमीची कांडी तापवून वितळवणारी. १८० रुपयांना मिळाली, दहा कांड्यांचे ५० वेगळे. तान्ह्या पोळ्याला लेकीचा लाकडी बैल सजवायचा होता. दरवर्षी फेव्हिकॉल लावून झूल रात्रभर वाळत ठेवायची आणि सकाळी ती घसरलेली असायची. या वेळी अर्ध्या तासात झूल, गोंडे, शिंगांची बेगड सगळं जागच्या जागी! लेक बैल घेऊन सगळ्या मजल्यांवर फिरून आली तरी एक टिकली सुटली नाही. तेव्हाच लिहिलं असतं तर डोळे मिटून पाच तारे दिले असते.

महालक्ष्म्यांची आरासही हिच्याच जोरावर उभी राहिली. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे आम्ही पुठ्ठ्यावर आलो. पुठ्ठा आणि ही गन यांचं छान जमतं. फ्रिजच्या खोक्याच्या कमानी केल्या, त्यांना साडीच्या निऱ्या चिकटवल्या. विजेचा हिशेबही करून पाहिला: २० वॅट म्हणजे ५० तास चालवली तर एक युनिट. खर्च होतो तो कांड्यांवर.

दिवाळीच्या कंदिलाला मात्र अर्धंच काम दिलं. कामट्यांचे सांधे गनने पक्के बसतात, पण पतंगी कागदावर गोंदाचा गोळा उठून दिसतो आणि दिवा लागला की डाग पडल्यासारखा वाटतो. कागदाला खळच बरी. आत ९ वॅटचा एलईडी होता, म्हणून सांधे टिकले. जुना पिवळा बल्ब लावणार असाल तर सुतळीने बांधा.

कंदील झाला आणि गन अडकली. घोडा दाबला तरी कांडी पुढे सरकेना. डब्यावर सहा महिन्यांची वॉरंटी होती म्हणून कंपनीला फोन केला. तीन वेळा केला. प्रत्येक वेळी एकच उत्तर: तुमच्या खर्चाने कुरिअर करा, तपासून कळवू. कुरिअरवाल्याने ११० रुपये सांगितले. १८० रुपयांच्या वस्तूसाठी ११० रुपये ग्राहकाने भरायचे असतील, तर ती वॉरंटी कुणासाठी आहे? या गोष्टीचा राग मला अजून आहे.

शेवटी दिरांनी स्क्रू काढून गन उघडली. कांडी तापणाऱ्या नळीत शिरते तिथे सिलिकॉनची एक छोटी टोपी असते. वितळलेला गोंद तिच्या मागे येऊन दगडासारखा थिजला होता. कारण माझ्याकडेच निघालं. फोन आला की मी गन चालूच ठेवून आडवी टाकायचे, आणि रंगीत कांडी घालायची म्हणून अर्धी वापरलेली कांडी मागून ओढून काढायचे. या दोन्ही गोष्टी करू नका. कांडी नेहमी पुढूनच संपवायची, आणि गन स्टँडवर, तोंड खाली करून ठेवायची. तारेचा स्टँड हलका असतो, लगेच कलंडतो. मी तो एका जुन्या फरशीच्या तुकड्याला बांधून टाकला. दिरांनी साफ करून दिल्यापासून गन एकदाही अडली नाही. म्हणून कंपनीवरचा राग वेगळा आणि गनचे गुण वेगळे धरते.

फेब्रुवारीत नणंदेच्या मुलीच्या लग्नाचं रुखवत केलं: बदामाची तुळस, सुपारीचे भटजी-यजमान, पुठ्ठ्याच्या चकत्यांची सप्तपदी. सुपारी आणि बदाम घट्ट बसतात. काचेच्या बांगड्या मात्र बसत नाहीत. गुळगुळीत काचेवरून गोंद थिजल्यावर सालासारखा निघून येतो. बांगडीवर आधी दोरा गुंडाळला, मग चिकटवली. स्टीलला पॉलिश पेपर मारून घ्यावा लागतो. गोंदाचे कोळिष्टकासारखे धागे सगळीकडे राहतात, ते हेअर ड्रायरच्या गरम वाऱ्याने क्षणात आवळून नाहीसे होतात.

बोटांबद्दल एक सांगते. लेक नऊ वर्षांची आहे, गन तिच्या हातात देत नाही. ती वस्तू धरते, मी गोंद सोडते. शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवतेच. गोंद बोटावर पडला तर ओढून काढायचा नाही, बोट आधी पाण्यात घालायचं, नाहीतर गोंदाबरोबर कातडी येते.

आता तोरण. चूक गनची, कांडीची की माझी, हे शोधत बसले. कांडी बहुतेक इव्हीए नावाच्या प्लॅस्टिकची असते. उष्णतेने वितळणं हाच तिचा गुण, त्याच गुणामुळे ती चिकटते. पण ती मऊ पडायला गनच लागते असं नाही. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा थेट उन्हातलं आमचं लोखंडी जाळीचं दार ६० अंशांच्या पुढे तापतं. हात लावला तर चटका बसतो. तेवढ्या उष्णतेत गोंद वितळून गळत नाही, पण मऊ पडतो, आणि आरशासारखी जड वस्तू स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकते. पाडव्याला तोरण लावलं तेव्हा ऊन सोसण्यासारखं होतं. दुकानात, व्हिडिओत, डब्यावर, कुठेही हे कुणी सांगत नाही. 'दारासाठी तोरण' शिकवणारे सगळे एसीच्या खोलीत बसून शिकवतात. विदर्भात राहणाऱ्यांसाठी ही माहिती डब्यावर पहिल्या ओळीत हवी.

आई म्हणाल्या, "माझं मण्यांचं तोरण काढ बघू कपाटातून." तीस वर्षांपूर्वीचं, सगळं सुई-दोऱ्याचं. मणी फिके पडलेत, सुटलेला एकही नाही.

माझं सामान वाया जाऊ द्यायचं नव्हतं. तोरणाचे तुकडे पिशवीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवले. गार झालेला गोंद कडक होतो, नखाने टचकन उडतो. २४ पैकी २१ आरसे आणि सगळ्या कवड्या साफ मिळाल्या. काठावर जे चिकटून राहिलं ते स्पिरिटचा बोळा कडेने फिरवून सुटलं. मग आईंनी आरशांभोवती टाके घालून दाखवले. कच्छी भरतकामात घालतात तसे, आधी चौकट, मग गोल. पहिल्या आरशाला मला चाळीस मिनिटं लागली, विसाव्याला आठ. कवड्यांना भोकं होतीच, त्या दुहेरी दोऱ्याने ओवल्या.

नवतप्याचे, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाचे, नऊही दिवस ते तोरण दारावर होतं. आता पाऊस लागलाय, तरी जागचं हललेलं नाही.

गनला मी आता साडेतीन तारे देते. घरातल्या, सावलीतल्या, चार-आठ दिवसांच्या आराशीला या किमतीत हिच्यासारखं दुसरं काही नाही. गच्ची, पश्चिमेचं दार, गाडीचा डॅशबोर्ड, स्वयंपाकघरात गॅसच्या वरची भिंत, इथे लावायच्या वस्तूला हिचा फक्त टेका घ्या, जागेवर धरण्यापुरता, आणि वरून टाका घाला. कांड्या किरकोळीत घेऊ नका. इतवारीत किलोवर मिळतात, जवळपास निम्म्या भावात पडतात. फक्त घेताना एक कांडी वाकवून बघा, लगेच तुटली तर ठेवून द्या. माझ्याकडे अजून तीसेक उरल्यात. लेकीला यंदा बैलाला चाकांची गाडी हवी आहे, पुठ्ठा जमवायला सुरुवात केली आहे.