एल आकाराचं घर, उतरतं छप्पर: आपोआप छप्पर घालणाऱ्या चार सॉफ्टवेअरची तुलना

नाशिक शहरात इंदिरानगरला किंवा पाथर्डी फाट्याला बंगला बांधणाऱ्याला बहुतेक वेळा स्लॅब, पॅरापेट आणि वर जिन्याचं हेडरूम एवढंच काढायचं असतं. त्र्यंबक रस्त्याला किंवा इगतपुरीकडे फार्महाउस असेल तर गोष्ट बदलते. तिकडचा पाऊस शहराच्या कितीतरी पट असतो, झड आडवी येते, आणि उतरतं छप्पर हौसेपेक्षा गरजेचं होतं. सॉफ्टवेअरची निवडही यावरच ठरते. नुसता स्लॅब असेल तर आपोआप छप्पर घालण्याची सोय बंदच ठेवावी लागते, मग कोणतंही सॉफ्टवेअर चालतं. पाखी (छपराचे उतरते भाग), घळ (दोन पाखी आत मिळतात ती खाच), वळचण (भिंतीबाहेर आलेली छपराची कड) असं सगळं येणार असेल, तर पहिल्यांदा छप्पर किती झटकन पडतं यापेक्षा दहाव्यांदा भिंत सरकवल्यावर ते काय करतं, हे पाहा.

इथे चार पर्याय घेतले आहेत: चीफ आर्किटेक्ट (आणि त्याच कंपनीचं स्वस्त भावंड होम डिझायनर), रेव्हिट, एक्स्टेन्शन जोडलेलं स्केचअप आणि फ्रीकॅड. स्वीट होम थ्रीडी फुकट आणि सोपं आहे, पण मूळ प्रोग्रॅममध्ये छप्पर आपोआप तयार होत नाही, म्हणून ते बाजूला ठेवलं.

आधी हाताने हिशोब

चारही ठिकाणी एकच घर धरू. मुख्य भाग पूर्व-पश्चिम १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद. पश्चिम टोकाला दक्षिणेकडे निघालेला ५ मीटर रुंद, ४ मीटर लांब भाग. पश्चिमेची भिंत दोन्ही भागांना सामाईक, म्हणजे सलग ११ मीटर. उतार ३० अंश, वळचण सगळीकडे ६०० मिमी, वर मंगलोरी कौलं.

मुख्य आढं (छपराचा सगळ्यात वरचा कणा) भिंतीच्या माथ्यापासून ३.५ × ०.५७७, म्हणजे सुमारे २.०२ मीटर वर जातं. लहान भागाचं १.४४ मीटरवर थांबतं आणि मुख्य पाख्यात घुसतं. वळचणीसकट जमिनीवरचं क्षेत्र १३३ चौरस मीटर. त्याला ३० अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.८६६ ने भागलं की पाख्यांचं खरं क्षेत्र साधारण १५३.६ चौरस मीटर. चौरस मीटरला १५ कौलं धरली तर २,३०० च्या आसपास, आणि घळीतली कापाकापी व फूटतूट धरून २,५०० मागवावीत.

यातली एक गोष्ट फार उपयोगाची आहे. उतार आणि वळचण सगळीकडे सारखी असेल तर दुपाखी (दोन बाजूंना उतार, टोकांना त्रिकोणी भिंती) करा की चौपाखी (चारही बाजूंना उतार), पाख्यांचं एकूण क्षेत्र तेवढंच राहतं. कोन्या (आढ्यावर आणि तिरप्या कडांवर बसणारी कौलं) मात्र चौपाखीला जास्त लागतात. सॉफ्टवेअरने १७०–१८० असा आकडा दाखवला, तर वळचण तुम्ही दिलेल्या मापापेक्षा जास्त पडली आहे किंवा एकावर एक दोन पाखी पडली आहेत असं समजा.

चीफ आर्किटेक्ट आणि होम डिझायनर

निव्वळ वेगात याच्या जवळ कोणी येत नाही. भिंतींचं वेटोळं बंद झालं की 'बिल्ड रूफ' मधून उतार आणि वळचण देऊन चौपाखी छप्पर एका झटक्यात तयार. त्रिकोणी भिंत हवी असेल तर ती भिंत उघडून रूफच्या पानावर 'फुल गेबल वॉल' ला खूण करायची. भिंत आपोआप आढ्यापर्यंत चढते. 'ऑटो रीबिल्ड रूफ्स' चालू असेल तर भिंत सरकवल्यावर छप्परही सरकतं.

मूळ मांडणी मात्र अमेरिकी लाकडी घराची आहे. उतार तिकडे १२ ला किती असा मोजतात: १२ ला ६ म्हणजे २६.६ अंश, १२ ला ४ म्हणजे १८.४. आपल्याला ३० अंश हवे असतील तर १२ ला ६.९३ लागेल. मंगलोरी कौलांना १८ अंश देऊ नका. पाणी रेंगाळतं आणि जोरात वारा आला की कौलाखालून वर चढतं.

सगळ्यात आधी भिंतीचा प्रकार बदला. छपराची मूळ रेषा भिंतीच्या मुख्य थराला धरून बसते. अमेरिकी लाकडी भिंतीवर छप्पर घालून नंतर ती २३० मिमी विटांची केली, तर वळचणीची आणि आढ्याची मापं हलतात. म्हणून विटा आणि दोन्ही बाजूंचं प्लास्टर असा प्रकार आधी तयार करून त्यानेच आराखडा काढावा. लाकडी वासे आपोआप घालण्याची सोय बंद करा. उतरता स्लॅब असेल तर जाडी स्लॅबची द्या, एमएस (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपांवर कौलं असतील तर पाइपाच्या मापाची.

आता आपल्या घराची खरी अडचण. पश्चिमेची ११ मीटरची भिंत सॉफ्टवेअरच्या लेखी एकच आहे. मुख्य भागाला पश्चिमेकडे त्रिकोणी भिंत हवी म्हणून तिच्यावर 'फुल गेबल वॉल' केलं, तर सॉफ्टवेअर सगळ्या ११ मीटरचा त्रिकोण करायला जातं आणि लहान भागाची पश्चिमेची वळचण नाहीशी होते. 'ब्रेक वॉल' ने भिंत ७ आणि ४ मीटरला तोडा, फक्त ७ मीटरच्या तुकड्याला खूण करा. पण करण्याआधी विचार करा. पश्चिम टोक चौपाखी ठेवलं तर मुख्य भागाचं पश्चिम पाखं आणि लहान भागाचं पश्चिम पाखं एकाच पातळीत मिसळतात, आणि अख्ख्या घराला आतल्या कोपऱ्यात एकच घळ येते. त्रिकोणी भिंत केली की दुसरी घळ तयार होते, तीही पश्चिमेला, जिकडून झड येते. वळचणीपर्यंत मोजली तर ती घळ साधारण ४.७ मीटर लांब. चित्रात छान दिसते; जुलैत तिच्यात पानं अडकली की पाणी भिंतीत उतरतं. आमचं मत स्पष्ट आहे: पश्चिम बाजू चौपाखीच ठेवा.

दुसरा घोटाळा उंचीचा. इथे छप्पर खोलीच्या सिलिंगच्या उंचीवर टेकतं. बाथरूमवर माळा हवा म्हणून त्या खोलीचं सिलिंग २.४ मीटर केलं, तर बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या त्या बाथरूमवर छपराचा तुकडा खाली उतरतो. सिलिंग तसंच ठेवून माळा वेगळा घाला.

तिसरा घोटाळा 'ऑटो रीबिल्ड' बंद पडण्याचा. एखादं पाखं हाताने ओढलं की ही सोय बंद करावी लागते, आणि त्यानंतर भिंती सरकल्या तरी छप्पर जागचं हलत नाही. मग पुन्हा 'बिल्ड रूफ' करताना 'हाताने काढलेली पाखी ठेवा' ही खूण राहिली, तर जुन्यावर नवं पाखं बसतं. वरून पाहताना काहीच कळत नाही, कौलांचा आकडा मात्र फुगतो. त्यामुळे हातकाम अगदी शेवटी ठेवा.

होम डिझायनर घेणार असाल तर एक काळजी घ्या. स्वस्त आवृत्त्यांत पाखं हाताने दुरुस्त करायची साधनं पूर्ण नाहीत. कंपनीच्या तुलना-तक्त्यात ती ओळ वाचूनच पैसे भरा. साध्या चौकोनी घराला फरक पडत नाही, एल किंवा टी आकाराला पडतो.

रेव्हिट

याला पूर्ण आपोआप म्हणता येणार नाही. 'रूफ बाय फूटप्रिंट' घेऊन 'पिक वॉल्स' ने एकेक भिंत निवडायची, वळचण ६०० मिमी द्यायची, ज्या बाजूला उतार हवा तिथे 'डिफाइन्स स्लोप' ठेवायचं, त्रिकोणी भिंतीला काढायचं. चीफला एक मिनिट लागत असेल तर इथे दहा. पण जे होतं ते पक्कं होतं.

भिंती निवडून छप्पर केलं तर ते भिंतींना बांधलेलं राहतं. भिंत हलली की तेही हलतं. रेषा हाताने काढल्या तर हे नातं नसतं. शिवाय एक फरक नजरेतून सुटतो: निवडलेल्या भिंतीला उतार भिंतीपाशी दिलेल्या पातळीवर असतो आणि वळचण त्याच्या खाली उतरते, हाताने काढलेल्या रेषेला उतार वळचणीच्या कडेपासूनच सुरू होतो. आपल्या घरात हा फरक ०.६ × ०.५७७, म्हणजे जवळपास ३५ सेंटिमीटरचा. छप्पर भिंतीवर तरंगताना दिसलं तर आधी हे तपासा.

त्रिकोणी भिंत इथे आपोआप वर जात नाही, 'अटॅच टॉप' ने छपराला जोडावी लागते. आणि दोन पाख्यांना वेगळा उतार दिला की वळचणीच्या कडा खालीवर होतात. त्यासाठी 'अलाइन ईव्ह्ज' आहे. वळचणीची उंची सारखी हवी की पुढे आलेली लांबी सारखी, हे तिथे ठरवायचं. दोन्ही एकदम मिळत नाही, कारण ते भूमितीतच बसत नाही.

रेव्हिटची खरी ताकद स्लॅबवर दिसते. गच्चीच्या स्लॅबला बिंदू आणि रेषा टाकून पावसाच्या पाइपाकडे १:१०० चा उतार देता येतो, आणि वरच्या थराची जाडी बदलती ठेवली की ब्रिकबॅट कोब्याचा (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थराचा) माल मोजता येतो. अर्धं घर कौलारू, अर्ध्यावर गच्ची असेल आणि इंजिनिअरशी फाइल द्यायची-घ्यायची असेल, तर रेव्हिट घ्या. विंडोजवरच चालतं आणि वर्गणी भरावी लागते; एका घरासाठी स्वतः शिकायला बसणं परवडत नाही.

स्केचअप

मुळात छपराची आज्ञा नाही. १००१बिट टूल्ससारखं एक्स्टेन्शन लागतं: भिंतींच्या माथ्यावर एक सपाट पृष्ठ काढा, ते निवडा, उतार द्या, चौपाखी छप्पर मिळतं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फुकट स्केचअपवर एक्स्टेन्शन चालत नाहीत. संगणकावर बसवायची आवृत्ती घ्यावी लागते. तयार झालेल्या छपराचा भिंतींशी संबंध उरत नाही. भिंत हलली की जुनं पुसून नवं करा. पृष्ठाच्या कडेला एखादा छोटा कंगोरा असेल (कॉलम २० मिमी पुढे आलेला वगैरे) तर तिथून पट्टीसारखं अरुंद पाखं निघतं, म्हणून पृष्ठ साफ काढा. घराचं रूप ठरवायला आणि घरच्यांना दाखवायला उत्तम. मापं बदलत राहणार असतील तर घेऊ नका.

फ्रीकॅड

फुकट आहे, आणि १.० आवृत्तीपासून बीआयएमची (भिंती, छप्पर असे इमारतीचे भाग धरून मॉडेल करण्याची) साधनं त्यातच आली आहेत. भिंतींच्या बाहेरच्या कडेने बंद रेषा काढून 'रूफ' दिलं की प्रत्येक कडेची एक ओळ असलेला तक्ता उघडतो: कोन, आडवी धाव, जाडी, वळचण. आधीपासून भरलेले आकडे आपल्या कामाचे नसतात. कोन ४५ दिसेल, तो ३० करा. धाव म्हणजे कडेपासून आढ्यापर्यंतचं आडवं अंतर, आपल्या मुख्य भागाला ३५०० मिमी. ज्या कडेला त्रिकोणी भिंत हवी तिचा कोन ९०.

चौकोनाला हे छान चालतं. एल आकाराला कधी बरोबर, कधी वेडंवाकडं होतं, विशेषतः धावा वेगळ्या असतील तेव्हा. सरळ उपाय असा: दोन चौकोन करा, दोन छपरं घाला, लहान भागाची रेषा मुख्य भागात २.५ मीटर आत न्या म्हणजे आढं पाख्यात नीट शिरेल, आणि मग दोन्ही जोडा. छपराच्या गुणधर्मांत आढ्याची आणि पाखी बाहेर मिळतात त्या तिरप्या कडांची एकूण लांबी मिळते, त्यावरून कोन्या मोजता येतात. दोन छपरं वेगळी असतील तर या लांबीतला जोडाच्या आत दडलेला भाग धरू नका. शिकणाऱ्यांना आणि खर्च शून्य ठेवायचा असणाऱ्यांना हेच सुचवू, पण दोन-तीन रविवार राखून ठेवा.

ओट्यावरचं छप्पर चौघांनाही अडतं

पुढे २.४ मीटरचा ओटा असेल आणि मुख्य पाखंच पुढे ओढलं, तर ३० अंशांनी ते १.३९ मीटर खाली येतं. भिंत ३ मीटरची असेल तर ओट्याच्या कडेला उरतात १.६१ मीटर, डोकं आपटेल. कोणतंही सॉफ्टवेअर याबद्दल सावध करत नाही, कारण भूमिती बरोबरच असते. ओट्याला वेगळा, १२ अंशांचा उतार द्या, कडा २.४९ मीटरवर येते. पण १२ अंशांवर मंगलोरी कौलं चालत नाहीत, तिथे खाली पत्रा टाकून वर कौलं लावा किंवा नुसता पत्रा ठेवा. चीफमध्ये ओटा वेगळी खोली म्हणून बंद करून त्याचा उतार त्या भिंतीवर द्यावा. रेव्हिटमध्ये वेगळं छप्परच करावं.

वळचण वाढवताना हात आवरा. आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे, आणि बाहेर आलेल्या कडेला वारा खालून उचलतो. स्क्रीनवर १.२ मीटर ओढणं एका क्लिकचं काम. साइटवर त्याला ब्रॅकेट आणि घट्ट बांधणी लागते.

जिथे गच्ची आहे तिथे चीफमध्ये त्या खोलीची 'रूफ ओव्हर धिस रूम' ची खूण काढा. वरच्या मजल्यावर गच्ची ही पॅरापेटने बंद केलेली खोली म्हणून असायलाच हवी, नाहीतर जिन्याच्या हेडरूमसकट सगळ्यावर एकच मोठं छप्पर चढतं.

पैसे भरण्याआधी

चाचणी आवृत्तीत वरचंच घर काढा. छप्पर घाला, पाख्यांचं क्षेत्र १५३.६ च्या आसपास येतं का पाहा. मग पश्चिमेची भिंत ३०० मिमी बाहेर सरकवा. आकडा सुमारे १५७.८ झाला तर छप्पर भिंतीबरोबर आलं. १५३.६ वरच राहिला तर दर बदलाला छप्पर पुन्हा घालावं लागणार, आणि ते किती वेळा करायची तयारी आहे हे तेव्हाच ठरवा.