पाणी ओसरल्यावर हप्ता थांबवावा, मुदत वाढवावी की पैसे दुसरीकडून उभे करावेत?

दिवा पूर्वेला माझ्या एका अशिलाचं स्टेशनरीचं दुकान आहे. पुराच्या दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा पाणी उतरलं होतं, पण काउंटरच्या दुसऱ्या खणापर्यंत चिखलाची रेघ स्पष्ट दिसत होती. खालच्या फळीवरचे ए-फोर कागदाचे रिम भिजून पावासारखे फुगले होते. झेरॉक्स मशीन उघडून पंख्याखाली ठेवलेलं. दुकानदार भाऊ मला म्हणाले, "ताई, बँकेतून सांगतायत, घराचे तीन हप्ते थांबवू शकतो. घेऊन टाकू ना?"

मी ठाण्याच्या नौपाड्यात छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते. हा प्रश्न मला जवळपास दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतं. चिखलवाडीत तळमजल्यावर राहणारे विचारतात, उल्हास नदीकाठचे बदलापूरकर विचारतात. नवी मुंबईत पावसाचं पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव गाळाने भरले आणि त्यात भरतीची वेळ गाठली की बेलापूरचे लोक विचारतात. "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून सगळे पर्याय इथे शेजारी शेजारी मांडते.

एक गैरसमज मात्र आधी दूर करायला हवा. बातम्यांत "पूरग्रस्तांना कर्जसवलत" असं येतं, तेव्हा बहुतेक वेळा विषय पीककर्जाचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ सालच्या निर्देशांतही सर्वांत ठाम तरतुदी शेतकऱ्यांसाठीच होत्या. पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं तर कर्जाची पुनर्रचना आणि किमान एक वर्ष हप्त्यांना विराम. शासनाने आपत्ती जाहीर केली की राज्यस्तरीय बँकर्स समितीची बैठक होते आणि पुढची चाकं फिरतात. महाराष्ट्रात या समितीचं निमंत्रकपद बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. ठाण्यात कंबरभर पाणी साचलं म्हणून तुमच्या गृहकर्जाला काही आपोआप लागू होत नाही. तुम्हाला अर्ज करावा लागतो आणि निर्णय तुमची बँक घेते.

तीन हप्ते थांबवले तर खरंच किती पडतं

हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. २०२० च्या मार्च ते ऑगस्ट या काळातल्या सवलतीत अनेकांना हे उशिरा कळलं. २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातलं व्याजावरचं व्याज घेऊ नका असा निकाल दिला, पण साधं व्याज सगळ्यांनाच भरावं लागलं.

आकडे घेऊन बघू. गृहकर्ज ३० लाख बाकी, व्याज साडेआठ टक्के, १८० हप्ते शिल्लक. हप्ता येतो २९,५४२ रुपये. पूर आला आणि तीन हप्ते, म्हणजे ८८,६२६ रुपये, भरणं अडलं.

| काय केलं | पुढे काय झालं | जादा भार |
|---|---|---|
| हप्ते थांबवले, नंतर हप्ता तोच, मुदत वाढली | १८० ऐवजी १८८ हप्ते | सुमारे २ लाख ३६ हजार |
| हप्ते थांबवले, कर्ज संपायची तारीख तीच | हप्ता ३०,४२८ झाला | सुमारे ६८ हजार |
| हप्ते थांबवले, पुराला वर्ष होताना ९५ हजार एकरकमी भरले | हप्ता आणि मुदत मूळपदावर | साडेसहा हजारांच्या आसपास |
| १० टक्क्यांनी सोनेतारण करून हप्ते चालू ठेवले, वर्षाने फेडलं | गृहकर्जाला धक्का नाही | सुमारे ९ हजार, शिवाय मूल्यांकनाचा खर्च |

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत सवलत तीच आहे, बँकही तीच. फरक पडला तो नंतर काय केलं त्याने. पहिल्या ओळीतले जादा हप्ते पंधरा वर्षांनी भरायचे आहेत, तेव्हा त्या रुपयाची किंमत आजच्याइतकी नसेल, हे मला मान्य आहे. तरीही आठ हप्ते म्हणजे आठ हप्ते, आणि त्या वयात माणूस निवृत्तीच्या उंबरठ्यावर असू शकतो. बहुतेक बँका विचारलं नाही तर पहिलीच ओळ लागू करतात, कारण त्यात हप्ता बदलत नाही आणि ग्राहकाची तक्रार येत नाही.

म्हणून माझं मत असं. ज्याचं उत्पन्न दोन-तीन महिने खरोखर बंद पडलंय आणि ज्याला विम्याचा दावा, दिवाळीचा धंदा किंवा बोनस यांतून वर्षभरात रक्कम हातात येण्याची वाट दिसतेय, त्याने हप्ते जरूर थांबवावेत. गृहकर्जाच्या दराने मिळणारा पैसा बाजारात दुसरीकडे सहसा मिळत नाही. व्यक्तीने घेतलेलं गृहकर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतीआधी रक्कम भरण्यावर दंडही लागत नाही. ज्याचा पगार चालू आहे आणि फक्त फ्रिज, गादी, लाकडी कपाट गेलंय, त्याने हप्त्याला हात लावू नये. त्याच्यासाठी मुदत ठेव मोडणं बरं. आपत्तीच्या काळात ठेव मोडण्याचा दंड माफ करण्याची मुभा बँकांना असते, पण मागितल्याशिवाय तो माफ होत नाही.

पुनर्रचना वेगळी

लोक हप्ते थांबवणं आणि पुनर्रचना एकच समजतात. पुनर्रचनेत कर्जाचा करारच बदलतो. मुदत वाढते, हप्ता कायमचा उतरतो, नव्याने सह्या होतात. नोकरीच गेली किंवा दुकान वर्षभर उभं राहणार नाही अशी परिस्थिती असेल तरच याकडे वळावं, कारण पतअहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा इतिहास दाखवणाऱ्या अहवालात, पुनर्रचनेची नोंद दिसू शकते आणि पुढच्या कर्जाच्या वेळी त्यावर प्रश्न येतो. तरीही हप्ते न सांगता बुडवण्यापेक्षा हा मार्ग शंभरपट चांगला. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खातं अनुत्पादित, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं (एनपीए), ठरतं, आणि तिथून परत येणं फार कठीण जातं.

सोनं, टॉप-अप, कार्ड

सोनेतारण एका दुपारी होतं, हा त्याचा मोठा गुण. दुसरा गुण असा की परतफेडीची तारीख डोक्यावर असते, त्यामुळे माणूस फेडतो. ज्याला स्वतःच्या शिस्तीचा भरवसा वाटत नाही, त्याला मी तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीऐवजी चौथी सुचवते. अडीच हजार जास्त गेले तरी चालतील. मात्र दागिने घरातल्या बाईचे असतात आणि निर्णय बाकीचे घेतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. तिला विचारूनच कपाट उघडा.

टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावरच मिळणारं वाढीव कर्ज, घराच्या दुरुस्तीसाठी चांगला. प्लास्टर, वायरिंग, फरशी यांचा खर्च लाखांत जातो आणि दर गृहकर्जाच्या जवळपास असतो. पण त्याला कागदपत्रं आणि दिवस लागतात, या महिन्याची नड त्याने भागत नाही. आणि मुदत तीन-चार वर्षांचीच मागा. नाहीतर या पावसाळ्यात बसवलेल्या फरशीचे पैसे मुलाच्या लग्नापर्यंत फेडत बसाल.

क्रेडिट कार्डावर "किमान रक्कम" भरून दिवस काढू नका. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. याहून जास्त या पर्यायावर लिहिण्यासारखं काही नाही.

दुकानदाराचं दुखणं निराळं

ज्याचं सीसी (कॅश क्रेडिट) खातं आहे, म्हणजे मालाच्या तारणावर मर्यादेपर्यंत हवी तेव्हा उचल, त्याला हप्त्यापेक्षा मोठा धोका असतो. सीसीत उचल किती करता येईल ते डीपीवर (ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या वेळची उचलीची मर्यादा) ठरतं आणि डीपी मालावर. माल भिजला की पुढच्या महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे बँकेला द्यायच्या मालाच्या हिशेबात, आकडा कोसळतो, डीपी खाली येतो, आणि आधीच उचललेली रक्कम मर्यादेबाहेर ठरते. दुकानदाराने काही चूक केलेली नसते, तरी खातं अनियमित दिसू लागतं. जुनाच आकडा लिहून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तसं करू नका, पुढे विम्याचा दावा फेटाळला जाण्याची ती पहिली पायरी ठरते. खरा आकडा द्या आणि त्याच दिवशी लेखी दोन गोष्टी मागा: मर्यादेबाहेर गेलेल्या रकमेचं मुदत कर्जात रूपांतर, आणि नवा माल भरायला तात्पुरती जादा मर्यादा.

आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नका. दिव्यातल्या भाऊंनी वास मारतोय म्हणून दोन टेम्पो रद्दी काढायला बोलावले होते. मी गेले तेव्हा पहिला टेम्पो दारात उभा होता. तो परत पाठवला, आम्ही दोघांनी एकेक गठ्ठा मोजला, फोटो काढले, खरेदीची बिलं वाळत घातली. सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "माल कुठाय?"

विमा कोणता आहे तेही आजच काढून बघा. गृहकर्जासोबत घेतलेली पॉलिसी बरेचदा कर्जदाराच्या आयुष्याची असते, घराची नसते. घरासाठी "भारत गृह रक्षा" ही प्रमाणित पॉलिसी २०२१ पासून मिळते, त्यात पूर धरलेला असतो. सोसायटीची पॉलिसी इमारतीची असते, तुमच्या फ्रिजची नसते. सीसीच्या मालाचा विमा असेल तर गोदामाचा पत्ता जुळतोय का ते पाहा. वागळे इस्टेटचा पत्ता पॉलिसीवर आणि माल शीळ फाट्याला, अशी प्रकरणं अडकतात.

कर्ज कुणाचं आहे त्यावरही ठरतं

राष्ट्रीयीकृत बँकेत परिपत्रक आलं की नियम सगळ्यांना सारखा, पण शाखेत पोचायला वेळ. सहकारी बँकेत, आणि ठाणे जिल्ह्यात टीजेएसबी किंवा कळव्याची जी. पी. पारसिक यांसारख्या इथेच मूळ असलेल्या बँका आहेत, शाखाधिकारी अनेकदा दुकान बघून ओळखतो, त्यामुळे अर्ज लवकर हलतो. खासगी बँक आणि वित्तसंस्थांचं ॲप चांगलं असतं, पण पुराच्या दिवसांत माणूस समोर मिळत नाही. वसुलीचे फोन आले तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला मनाई आहे, हे ठणकावून सांगा. पतसंस्थेचं कर्ज असेल तर सगळं संचालक मंडळाच्या हातात. तिथे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल चालत नाही, सहकार खात्याकडे जावं लागतं.

२०१९ च्या जुलैत, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली त्याच पुरात, माझ्या दिराच्या घरात उल्हासचं पाणी शिरलं. त्यांच्या बँकेतले साहेब तोंडी म्हणाले, "काळजी करू नका, हप्ता जाणार नाही." पाच तारखेला बँकेने हप्ता खात्यातून मागितलाच, खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेल्याचा दंड लागला, आणि पतअहवालात उशिराची नोंद झाली. साहेबांची तोवर बदली झाली होती. ती नोंद दुरुस्त करायला भाऊजींनी सहा महिने खेटे घातले. तेव्हापासून मी कुणालाही पोच घेतल्याशिवाय शाखेबाहेर पडू देत नाही.

अर्जात चार उत्तरं लेखी मागा. व्याज मुद्दलात कसं मिळवणार? नंतर हप्ता वाढणार की मुदत? पतअहवालात काय कळवणार? आणि या महिन्याचा स्वयंचलित हप्ता नक्की रोखला का? सोबत पंचनाम्याची प्रत जोडा. खारघर-कामोठेकरांनी लक्षात ठेवावं की त्यांचा तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड. ठाण्याच्या तहसील कार्यालयात दिवस घालवून लोक परत येतात. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते.

शासनाची मदत ज्या खात्यात येईल ते शक्यतो कर्जाच्या खात्यापासून वेगळं ठेवा. २०२४ मध्ये वायनाडच्या भूस्खलनानंतर मदतीच्या पैशातून कर्जाचे हप्ते कापले गेले होते. आरडाओरडा झाल्यावर ते परत मिळाले, पण ज्यांच्या घरात चूल पेटत नव्हती त्यांना ते दिवस काढावे लागलेच.

दिव्यातल्या भाऊंनी तीन हप्ते थांबवले. दाव्याची रक्कम दिवाळीनंतर आली तेव्हा त्यांना नवं झेरॉक्स मशीन दिसत होतं, मी त्यांना आधी बँकेत नेलं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं, "काका, जादा रक्कम भरताय तर हप्ता कमी करू की मुदत?" भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवायच्या आधीच त्यांनी "मुदत" वर खूण केली होती.