तलावपाळी की क्लास: जलरंग कुठे शिकावेत?

ठाण्यात जलरंग शिकायचे तर दोन वाटा आहेत: घराजवळचा क्लास, नाहीतर रविवारी सकाळी मासुंदा तलावाकाठी, म्हणजेच तलावपाळीवर, बसून रंगवणारा ग्रुप.

क्लासमध्ये पाया पक्का होतो. सपाट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एकसारखा थर, कसा द्यायचा, ब्रशमध्ये पाणी किती ठेवायचं, हे सर शेजारी उभं राहून दाखवतात.

तलावपाळीवर मात्र ऊन सरकत राहतं. कौपिनेश्वर मंदिराची सावली मघाशी होती तिथे नसते, म्हणून सावल्यांच्या कडा आधीच पेन्सिलीने आखून घ्याव्या लागतात. दमट हवेत पहिला वॉश लवकर वाळत नाही. अर्धवट ओल्या रंगावर पाणी पडलं की वेड्यावाकड्या कडांचे डाग उठतात. इथे 300 जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) कॉटन कागद पैसे वसूल करतो, फारसा फुगत नाही. शेवटी सगळी चित्रं कट्ट्यावर मांडतात. शेजारच्या काकांनी नुसता कागद कोरा ठेवून पाण्यावरची चमक कशी आणली, हे बघून जे डोक्यात शिरतं ते तासभर समजावूनही शिरत नाही.

माझं मत ग्रुपच्या बाजूने आहे. अगदीच नवखे असाल तर दोन-तीन महिने क्लास जरूर करा, पण तो संपेपर्यंत थांबू नका. पहिल्याच रविवारी पेन्सिल-वही घेऊन तलावपाळीवर जा.