लेक्चरला 3 स्टार, माईकवाल्या दादांना 5

डिस्टन्सनं एमकॉम करतोय, दिवसा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपचे अकौंट बघतो त्यामुळं रेग्युलर कॉलेज जमणारच नव्हतं. सेंटरवर रविवारी व्हिडिओ लेक्चर असतंय, सर तिकडं दुसऱ्या गावात आणि आम्ही इथं राजारामपुरीत पडद्यासमोर. नाव लिहीत नाही, उगं वाद नको.

पहिले 2 महिने नुसता डोक्याला ताप. माईक चालू केला की कुईंऽऽ, फळ्यावर ट्यूबची चमक, आणि आम्ही चॅटमध्ये शंका टाकत बसायचो पण शिकवताना सरांना चॅट दिसतच नाही हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग नवीन ऑपरेटर दादा आले. आल्या आल्या स्पीकर माईकपासनं लांब पुढच्या बाकाजवळ सरकवला, कुईं बंद!! तिकडच्या ऑपरेटरला फोन लावून फळा सोडायला लावला, आता सर कागदावर लिहितात आणि वरनं कॅमेरा. चॅटमधल्या शंका दादा वहीत उतरवून घेतात, सारख्या असतील त्या एकात घालतात आणि सर जरा थांबले की विचारतात. कॉस्ट शीटच्या (मालाला खर्च किती आला त्याचा तक्ता) दिवशी सरांनी क्लोजिंग स्टॉक, म्हणजे शेवटी उरलेला माल, वजा करायचा सोडून चुकून मिळवला, चॅटमध्ये तिघांनी बोंब मारली, तर दादा माईकवर एकदम गरीब आवाजात, "सर, क्लोजिंग स्टॉक वजा करायचा का मिळवायचा, पोरं विचारायल्यात." सर हसले, खोडलं. कॉमर्स न शिकलेला माणूस भावांनो, नाद खुळा.

ऑफिसातल्या मॅडम पण तशाच, 2 रविवार दांडी मारली की फोन येतोय, "काय रे, बरं हाय न्हवं?" सरकारचं स्वयम हे ऑनलाईन कोर्सचं पोर्टल 2017 पासनं आहे, त्यातला एक कोर्स मी घेतला होता, शिकायला फुकट, पैसे फक्त परीक्षेचे, व्हिडिओ एक नंबर, तरी तिसऱ्या आठवड्यात सोडला कारण का येईना म्हणून विचारणारं कुणी नव्हतं.

तक्रार एकच पण मोठी. दादा कॉन्ट्रॅक्टवर, बदली माणूस नाही, ते गावाकडं जत्रेला गेले त्या रविवारी 40 मिनिटं आम्ही निळा पडदा बघत बसलो. रेकॉर्डिंग पण अडीच तासांचं सलग टाकतात, तुकडे करायला दादांना वेळ कुठनं मिळणार. माहितीपुस्तिकेत प्राध्यापकांचे फोटो पानभर, या दोघांची एक ओळ नाही.

ॲडमिशन घेणार असाल तर पहिल्या बाकावर बसू नका, स्पीकर आता तिथंच आहे.